गोधडी शिकायची तर कापडापासून

सोलापूरचं नाव गावोगाव पोचवलं ते चादरीनं. पण घरात अंगावर घ्यायला, बाळाला गुंडाळायला, पाहुण्याला अंथरायला हाताशी असायची ती गोधडी. कुणी तिला वाकळ म्हणतं, कानडी घरात ती कौदी, तेलुगू घरात बोंत. चार भाषांच्या या शहरात प्रत्येक गल्लीत ती शिवली जायची आणि कुठल्याही वर्गात न जाता शिकली जायची. आता शिकणारे मोबाइल पुढ्यात ठेवून शिकतात. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर मराठी-कानडी व्हिडिओ इतके आले की घरात जाणतं माणूस नसलेल्यालाही शिकायची वाट मोकळी झाली. ही फार चांगली गोष्ट झाली आहे. मात्र या वाटेनं शिकलेल्या बऱ्याच गोधड्या पहिल्या-दुसऱ्या धुण्यात बिघडतात आणि त्याचं कारण टाक्यात सापडत नाही. ते टाक्याच्या आधीच्या कामात असतं.

पूर्वी शिकणारीच्या हाती सुई सगळ्यात शेवटी यायची. आधी जुनी लुगडी उसवून, धुऊन, ताणून वाळवायची. मग कापड निवडायचं, थर अंथरताना कोपरा धरून बसायचं, थर सरकू नयेत म्हणून तात्पुरते कच्चे टाके घालायचे. व्हिडिओत हा क्रम उलटा होतो. तिथं पहिल्या मिनिटातच रंगीत तुकडे आणि सुबक टाके दिसतात, कारण पाहायला छान तेच असतं. थर अंथरण्याचा तासाभराचा खटाटोप पंधरा सेकंदांत पळवलेला असतो.

सगळ्याच हस्तकलांना इंटरनेट सारखं लागू पडलेलं नाही, हेही इथंच सांगायला हवं. हातमाग शिकायचा तर माग लागतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरी मूल आधी कांड्यांवर सूत भरायला बसायचं, तुटलेला धागा सांधायला शिकायचं, आणि आडवा धागा नेणारा धोटा बराच उशिरा हातात यायचा. घोंगडीला खड्डामाग हवा, लोकर हवी, चिंचोक्याची खळ हवी. ही साधनं घरात नसतील तर शंभर व्हिडिओ पाहूनही हात बसत नाही. गोधडीला सुई, दोरा, जुनं कापड आणि मोकळी फरशी एवढंच लागतं. म्हणून मोबाइलचा खरा फायदा सुईकामाला झाला आणि मोबाइलवरून शिकण्यातल्या उणिवाही इथंच स्पष्ट दिसतात.

आता कापड. गोधडीचं कापड जुनं, सुती आणि पुष्कळ वेळा धुतलेलं हवं. जुनं सूत आकसून झालेलं असतं, त्यातली खळ निघून गेलेली असते, त्यामुळे सुई अलगद जाते आणि पुढं धुतल्यावर थर एकमेकांशी भांडत नाहीत. नवं सुती कापड जुन्यात मिसळलं की पहिल्या धुण्यात नवं आकसतं, जुनं तसंच राहतं आणि वर सुरकुत्यांचे फुगे येतात. नवं वापरायचंच असेल तर ते आधी दोनदा कोमट पाण्यात भिजवून, धुऊन, कडक वाळवावं. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या चिंध्या कुणी तुकड्यांच्या कामाला आणल्या, तर त्यांनाही हाच नियम.

आज खरी अडचण इथं आहे. बोहारणीला द्यायला किंवा गोधडीत घालायला घरात पूर्वी सुती लुगडी निघायची. आता कपाटातून निघतात त्या बहुतेक पॉलिएस्टरच्या साड्या. त्या निसरड्या असतात. थर एकमेकांवरून सरकतात, टाका धरून राहत नाही, घाम शोषला जात नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात अशी गोधडी खाली अंथरली तरी अंग चिकट होतं. कापड ओळखायची खात्रीची रीत म्हणजे कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरायचा आणि जाळायचा. सूत कागदासारख्या वासानं जळतं आणि बोटानं चुरली जाणारी करडी राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात थोडी राख, थोडा मणी मिळतो. असं कापड वरच्या थराला चालवून घेता येईल, आतल्या थराला नको.

सुती साड्या मिळत नसतील तर जुन्या सुती पलंगपोसांनी काम भागतं. झिजून मऊ झालेली सोलापुरी चादर आत एक थर म्हणून उत्तम, पण एकच. दोन चादरी घातल्या की सुई ओढता ओढता बोटं सोलून निघतात. टर्किश टॉवेल मात्र आत घालू नये. त्याच्या फासांत सुई अडकते, आणि धुतल्यावर तो इतकं पाणी धरतो की गोधडी दोन दिवस वाळत नाही.

कापडाचा जीव तपासायचा तर ते दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून आडवं-उभं ताणावं आणि उजेडासमोर धरून पाहावं. जिथं विरळ दिसतं तो भाग आत जाईल. धड कापड वर आणि खाली. रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघावं. लाल आणि गडद निळा यांवर विशेष लक्ष असू द्यावं.

मापाचा हिशोब असा. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण ८.२ मीटर. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येकी दोन मीटरहून थोडा मोठा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, सव्वा मीटरच्या थोडा आत असतो. दोन तुकडे शेजारी ठेवले की दोघांच्या गोधडीचा एक थर, म्हणजे एका लुगड्यात आतले दोन थर होतात. साडेपाच मीटरच्या साडीतून सव्वादोन मीटरचे दोन तुकडे निघतात आणि मीटरभर कापड गोट किंवा ठिगळांना उरतं. अशी एक साडी वर, एक खाली. वरचं-खालचं कापड आतल्यापेक्षा चारही बाजूंनी चार-चार बोटं मोठं राहील अशा बेतानं आतले थर कापावेत, म्हणजे कडा आत दुमडता येतात. आपल्या हवेला चार थर पुरतात. सहा थरांची गोधडी इथं वर्षातून फार थोड्या रात्री अंगावर घेतली जाते आणि शिवणारीचे हात मात्र दुखवते.

जोड कुठं येतो याकडे फार थोडे व्हिडिओ लक्ष देतात. प्रत्येक थराचा जोड बरोबर मधोमध आला तर गोधडीच्या मध्यावर उंचवटा होतो आणि पाठीला टोचतो. म्हणून एका थरात जोड मध्यावर ठेवावा. दुसऱ्यात एक तुकडा अखंड मध्ये आणि दुसरा उभा चिरून त्याचे दोन पट्टे दोन्ही बाजूंना लावावेत. आतल्या थरांचे जोड शिवायची गरज नाही, दोन बोटं एकमेकांवर चढवून ठेवले की पुरे. आतल्या लुगड्यांचे काठ आधीच कापून काढावेत. काठ दाट विणीचा असतो, सुई तिथं थबकते. इरकलीचा काठ वर शोभेला लावायचा मोह सगळ्यांना होतो आणि तो दिसतोही सुंदर. मात्र इरकलीत अंगाचं कापड सुती असलं तरी काठ बहुधा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. तो सुतासारखा आकसत नाही, म्हणून आधी भिजवून, वाळवून, मगच लावावा. खणाचे तुकडेही तसेच.

अंथरणं हे गोधडीचं निम्मं काम आहे. फरशी ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करावी. खालचं कापड उलटं अंथरावं, चारही कोपरे ताणून त्यांवर वरवंटा, पाटा, विटा असं काही जड ठेवावं. ताण असा हवा की सुरकुती नाही, पण कापडाची वीणही ओढली गेलेली नाही. मग एकेक थर टाकून मधून कडेकडे तळव्यानं हवा काढत जावं. शेवटी वरचं कापड सुलटं. चारही थरांचे उभे धागे एकाच दिशेनं असावेत, कारण उभ्या आणि आडव्या दिशेनं कापड वेगवेगळं ताणलं जातं.

आता कच्चे टाके. तीन-चार बोटं लांब टाके, सुरुवात मध्यापासून. आधी मध्यातून उभी-आडवी फुली, मग वीतभर अंतरावर तशाच ओळी कडेपर्यंत. हे काम दोघींनी केलं तर तासा-दीड तासात होतं. इथं कंटाळा केला की सगळं बिघडतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत पक्की शिवण कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी आत आत जाते. कच्चे टाके नसतील तर प्रत्येक फेरीबरोबर जास्तीचं कापड मध्याकडे ढकललं जातं आणि शेवटी मधोमध न बसणारा फुगा तयार होतो. तो फुगा घडी घालून दाबून टाकणं हा उपाय नाही. तिथले टाके उसवून पुन्हा अंथरावं लागतं. उभ्या सरळ ओळींनी शिवणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, म्हणून नवशिक्यानं पहिली गोधडी सरळ ओळींची करावी.

सुई पावणेदोन ते दोन इंच लांब आणि मोठ्या नेढ्याची. फार बारीक सुई चार थरांत वाकते, फार जाड सुई जुन्या कापडाला भोकं पाडते. दोरा सुती, शिवणाचाच. रिळावरचा नंबर जितका लहान तितका दोरा जाड. नेहमीचा ४० नंबरचा मशीनचा दोरा असेल तर दुहेरी घ्यावा, १० नंबरचा असेल तर एकेरी पुरतो. आपल्या शहरात विणायच्या सुताची कोन सहज मिळते, म्हणून काहीजण तेच सूत सुईत ओवतात. विणायच्या सुताला पीळ कमी असतो. थरांतून जाता-येता ते पिंजतं आणि चार-सहा वेळा ओढल्यावर तुटतं. दोऱ्यावरून मेणाचा खडा एकदा फिरवला तर गाठी कमी पडतात. दोरा हातभरापेक्षा थोडा लांब, म्हणजे कोपर उचलून एका ओढीत सरळ निघेल एवढाच घ्यावा. लांब दोरा घेऊन वेळ वाचत नाही, गुंता सोडवण्यात दुप्पट जातो.

टाका धावदोऱ्याचा. वर पाव इंच, खाली पाव इंच, दोन ओळींत एक बोट, म्हणजे साधारण इंचभर अंतर. सुई पुढं ढकलत बसण्यापेक्षा ती जवळजवळ स्थिर धरून डाव्या हातानं कापड खालीवर करावं आणि तीन-चार टाके सुईवर जमले की एकदम ओढावं. डाव्या हाताचं एक बोट खाली हवंच. सुईचं टोक त्या बोटाला लागलं तरच ती चारही थरांतून गेली असं समजायचं. वरून सुबक दिसणारी आणि खाली निम्मे टाके न पोचलेली गोधडी हे व्हिडिओवरून शिकलेल्या कामाचं सगळ्यात मोठं लक्षण आहे, कारण बहुतेक व्हिडिओंत कॅमेरा वर असतो आणि खालचं बोट दिसतच नाही. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

शेजारच्या ओळीचे टाके एकमेकांसमोर येऊ नयेत. या ओळीतला टाका त्या ओळीतल्या रिकाम्या जागेसमोर यावा. सगळे टाके एका रेषेत आले तर कापड त्याच रेषेवर वळतं आणि तिथंच झिजतं.

ताण ही सगळ्यात अवघड गोष्ट. दोरा ओढला की कापड चुणतं, सैल सोडला की फास वर राहतो आणि पायाच्या बोटात अडकतो. जुन्या बायका एक ओळ संपली की अंगठ्यानं त्या ओळीवरून मागं-पुढं घासून दोरा थोडा सोडतात आणि मगच गाठ मारतात. जपानच्या साशिको शिवणकामातही ओळ संपल्यावर असाच दोरा सोडतात आणि ते व्हिडिओत फार नीट दाखवलेलं असतं. मोबाइलचं हे देणं मला मोठं वाटतं. आपल्या घरात कारण न सांगता होणारी गोष्ट दुसऱ्या देशातली शिवणारी नीट समजावून सांगते आणि मग आपल्या आजीच्या अंगठ्याचा अर्थ लागतो.

जुन्या पद्धतीचं शिकवणं होतं कसं, हे नीट पाहिलं तर त्यातली युक्ती कळते. नवशिकी समोर नव्हे, शेजारी बसायची. समोर बसलं की डावं-उजवं उलटं दिसतं. जाणत्या बाईनं कडेच्या पहिल्या फेऱ्या घालायच्या, कारण सगळा ताण कडेवर येतो. आतल्या फेऱ्या शिकणारीच्या. तिची ओळ जाणतीच्या ओळीपासून एक बोट अंतरावर चालायची, म्हणजे टाका केवढा, अंतर किती, ताण कसा हे सगळं डोळ्यांसमोर आखलेलंच असायचं. शिवाय दोघींच्या हातात एकच कापड. नवशिकीनं दोरा जास्त ओढला की पलीकडचीला कापडातूनच कळायचं आणि ती तोंडानं सांगायची, "सोड गं, चुणतंय." हा निरोप कुठल्याही पडद्यातून येत नाही.

त्या पद्धतीला मर्यादाही होत्या. एका घरात एकच घाट चालायचा. कारण विचारलं तर "असंच असतं" एवढंच उत्तर. डावखुऱ्या मुलीला उजव्या हातानंच शिवायला लावायचे. पुरुषाला शिकायचं असेल तर कुणी शेजारी बसवून घेत नसे. घरात म्हातारं माणूस नसेल तर विद्या तिथंच थांबायची. ही दारं मोबाइलनं उघडली.

मग व्हिडिओ पाहायचा कसा? शोधताना नुसतं 'क्विल्ट' टाकलं तर अमेरिकी पद्धत पुढं येते. तिथं नवं कापड, मध्ये फुगीर अस्तर आणि लाकडी कडं असतं. ती वेगळी विद्या आहे, तिचे नियम जुन्या लुगड्यांना लावले की फसगत होते. गोधडी, वाकळ, कौदी या शब्दांनी शोधावं. कानडी कळत नसलं तरी हात पाहून कळतं, आणि सीमेपलीकडचं कापड, हवा, पद्धत आपल्यासारखीच आहे. ज्या व्हिडिओत अंथरणं पूर्ण दाखवलंय आणि गोधडी उलटी करून दाखवलीय तोच व्हिडिओ निवडावा. वेग निम्मा करून पाहावं. समोरच्या कॅमेऱ्यानं काढलेला व्हिडिओ आरशासारखा उलटा असू शकतो, हे लक्षात ठेवावं. उजव्या हातानं शिवणारी ओळ उजवीकडून डावीकडे घालते. तसं दिसत नसेल तर चित्र उलटं आहे किंवा शिवणारी डावखुरी आहे.

मशीनवर गोधडी मारण्याचे व्हिडिओही पुष्कळ आहेत. मशीनचे दाते खालचा थर पुढं नेतात आणि वरचा थर कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली घासून मागं राहतो, त्यामुळे ओळीच्या शेवटी वरचं कापड गोळा होतं. टाका ४ मिलिमीटरचा ठेवून, पायाचा दाब कमी करून आणि कच्चे टाके वीतभराऐवजी चार बोटांवर घालून हे बरंच आटोक्यात येतं. पण मऊपणा हाताच्या टाक्याला आहे तो मशीनच्या घट्ट टाक्याला येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

सरावाला हातभर चौरस, म्हणजे १८ इंचांचा तुकडा घ्यावा. चार थर, इंचभर अंतरावर १७ ओळी. एका ओळीत साधारण ३६ टाके, एकूण सहाशेच्या वर. शिवून झाल्यावर मोजावा. अर्धा इंच आकसला तर ठीक. एक इंचाहून जास्त आकसला तर दोरा ओढला जातोय. मग तो धुऊन वाळवून पुन्हा मोजावा. त्यानंतर बाळाची गोधडी, ९० सेंटिमीटर चौरस, सुमारे अडीच हजार टाके. दोघांच्या गोधडीला १६५ मीटर शिवण, १३ हजारांच्या आसपास टाके आणि २०० मीटर तरी दोरा लागतो. पहिल्यांदाच तिच्यावर झडप घालणारे बहुतेक जण निम्म्यात सोडतात, हे आकडे पाहिले की कारण उघड आहे.

हा सरावाचा तुकडा घेऊन जाणत्या बाईकडे जावं. "मावशी, गोधडी कशी शिवतात?" असं विचारून काही मिळत नाही, कारण तिच्या हाताला येतं ते तिला तोंडानं सांगायची सवय नसते. सुई ओवलेला तुकडाच तिच्या हातात द्यावा आणि म्हणावं, "मावशी, माझ्या ओळीशेजारी एक ओळ घालून दाखवा." ती तुकडा आधी उलटा करून बघेल, मग चिमटीत धरून थर सरकतात का ते पाहील. ती काय काय तपासते ते बघणं हाच मोठा धडा. आपली ओळ आणि तिची ओळ शेजारी आल्या की फरक आपोआप दिसतो. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर फोटो पाठवावा, पण दोन्ही बाजूंचा, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि उजेड तिरका पडेल असा. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत चुणी दिसत नाही. मजुरीवर गोधड्या शिवणाऱ्या बायकांचा वेळ म्हणजे त्यांची रोजी. त्यांच्याकडून शिकताना त्या वेळेचे पैसे आधी ठरवून द्यावेत.

धुण्याबद्दलही नेटवर चुकीचा सल्ला फिरतो. मीठ किंवा व्हिनेगर घातल्यानं जाणारा रंग पक्का होईल याचा भरवसा नाही. पहिली दोन-तीन धुणी गार पाण्यात, वेगळी, पाणी स्वच्छ निघेपर्यंत करावीत. पिळू नये, दाबून पाणी काढावं. ओली गोधडी फार जड होते. एकाच तारेवर लोंबकळत ठेवली तर सगळं वजन वरच्या ओळींवर येऊन टाके तुटतात. दोन तारांवर पसरावी किंवा बाजेवर आडवी घालावी, उलटी बाजू उन्हाकडे, आणि दुपारी एकदा पालटावी.